नाव सभागृहाला, आणि कादंबऱ्या?

परभणीत कुणालाही विचारा, "बी. रघुनाथ माहीत आहेत का?" उत्तर येतं, "म्हणजे काय, त्यांच्या नावाचं सभागृह आहे ना!" पुढचा प्रश्न विचारा, "त्यांची एखादी कादंबरी वाचलीय का?" मग समोरचा हळूच चहाचा विषय काढतो. :-)

परभणीकरांना हिणवण्यासाठी हे लिहीत नाहीये. मी स्वतः परभणीचाच. "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे ऑफिसात दर महिन्याला एकदा तरी ऐकवणारा. आणि हाच प्रश्न हिंजवडीत बसलेल्या आमच्या मराठवाडी कंपूला विचारला, तर तिथे सभागृहही आठवत नाही. पण गेले काही वीकेंड हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. लेखकाचं नाव जपणं वेगळं आणि त्याचं लिखाण जपणं वेगळं. पहिलं काम आपल्या आधीच्या पिढ्यांनी बरंच केलं. दुसरं आपल्या वाट्याला आलंय, आणि ते टाळायला आता एकही धड सबब शिल्लक नाही.

आधी ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३, गाव सातोना. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं, १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका तिकडे गेला. शिक्षण हैदराबादला, मॅट्रिकपर्यंत. त्यानंतर निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी. ७ सप्टेंबर १९५३ ला परभणीतच, नोकरीत असतानाच गेले. चाळीस पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता.

आता याच्या शेजारी कामाची यादी ठेवून बघा. 'ओ' ही पहिली कादंबरी १९३६ सालची. मग 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली!', 'जगाला कळलं पाहिजे', आणि मृत्यूनंतर छापली गेलेली 'आडगावचे चौधरी'. झाल्या सात कादंबऱ्या. कथासंग्रह पाच: 'साकी', 'फकिराची कांबळी', 'छागल', 'आकाश', 'काळी राधा'. शिवाय कविता आणि ललित निबंध आहेतच, कवी म्हणून तर ते जास्त ओळखले जातात. म्हणजे साधारण सतरा वर्षांत, सरकारी नोकरी सांभाळून, कथा-कादंबऱ्यांचीच बारा पुस्तकं. आपण सहा महिन्यांत एक ब्लॉगपोस्ट टाकतो आणि "कामाचं प्रेशर फार आहे हो" म्हणतो. असो.

आता जरा लांब जातो, थेट अमेरिकेत. कारण तिथली एक गोष्ट आपल्या प्रश्नाला अगदी चपखल बसते.

विल्यम फॉकनर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातला. मुंबई-पुण्याच्या लोकांनी मराठवाड्याकडे ज्या नजरेनं बघावं, साधारण त्याच नजरेनं न्यूयॉर्कवाले मिसिसिपीकडे बघत. कापूस, कर्ज, पडके वाडे आणि जुन्या जमीनदारीची घमेंड. फॉकनरनं या सगळ्याचा एक काल्पनिक जिल्हा केला, त्याला योक्नापाटॉफा असं उच्चारताना दात पडतील असं नाव दिलं, आणि १९३६ च्या 'ॲबसलम, ॲबसलम!' या कादंबरीला त्या जिल्ह्याचा हातानं काढलेला नकाशाही जोडला. हा गृहस्थ १९२१ ते १९२४ विद्यापीठाच्या पोस्टात पोस्टमास्तर होता. म्हणजे इकडे बांधकाम खातं, तिकडे पोस्ट. आणि 'ओ' निघाली तेही १९३६ मध्येच.

पण मुद्दा पुढचा आहे. १९४० च्या दशकाच्या मध्यावर फॉकनरची जवळजवळ सगळी पुस्तकं बाजारातून गेलेली होती. नाव माहीत, पुस्तक मिळत नाही, अशी अवस्था. तेव्हा माल्कम काउली नावाच्या समीक्षकानं एक साधं काम केलं. वेगवेगळ्या कादंबऱ्या आणि कथांमधले भाग निवडले, त्या जिल्ह्याचा इतिहास लागेल अशा क्रमानं लावले, एक प्रस्तावना लिहिली आणि १९४६ मध्ये 'द पोर्टेबल फॉकनर' म्हणून एक खंड काढला. सुटी पुस्तकं वाचणाऱ्यांना न दिसलेली गोष्ट त्या एका खंडात दिसली: हा माणूस आयुष्यभर एकच मोठं काम करतोय! १९४९ चं नोबेल फॉकनरला मिळालं. ते त्या एका खंडामुळेच मिळालं असं मी म्हणणार नाही, पण त्या खंडानं वाचक परत आणले एवढं नक्की.

पुढे अमेरिकेनं ही सोय कायमची केली. १९७९ मध्ये 'लायब्ररी ऑफ अमेरिका' नावाची संस्था काढली. देशातल्या मोठ्या लेखकांचं लिखाण तपासून, टिकाऊ कागदावर छापायचं आणि ते सतत उपलब्ध ठेवायचं, हे तिचं काम. पहिले खंड १९८२ मध्ये आले. फॉकनरच्या सगळ्या कादंबऱ्या तिथे पाच खंडांत आहेत, पहिला १९८५ चा, शेवटचा २००६ चा. एकवीस वर्षं लागली! शेवटी टिपा, लेखकाच्या आयुष्याचा तारीखवार तक्ता, कुठला मजकूर कुठल्या प्रतीवरून घेतला त्याचा हिशेब. आपल्या भाषेत सांगायचं तर नुसता कोड नव्हे, सोबत डॉक्युमेंटेशनही.

आपल्याकडे असं होत नाही असंही नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९६९ मध्ये 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' काढलं, त्यानंतर फुले वाचले कसे जातात हेच बदललं. त्याआधी बहुतेकांसाठी फुले म्हणजे चौकातला पुतळा होते, आता ते संदर्भासकट उद्धृत करता येतात. बी. रघुनाथांच्या बाबतीतही जाणत्या लोकांनी हात आखडता घेतला नाही. 'समग्र बी. रघुनाथ' छापलं गेलं, परभणीच्या गणेश वाचनालयाच्या महोत्सवानं त्यांचं नाव जागं ठेवलं, त्यांच्या नावानं पुरस्कार दिला जातो. या लोकांचे उपकार आहेतच.

पण छापील 'समग्र'ची एक अडचण असते. ते जाडजूड असतं, महाग पडतं, प्रती मोजक्या निघतात, संपल्या की संपल्या. मग ते वाचनालयाच्या कपाटात अभ्यासकाची वाट बघत बसतं. पंचवीस वर्षांची मुलगी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर वाचते, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. तिनं नेटवर शोधलं तर जन्म-मृत्यू आणि पुस्तकांची नावं लगेच सापडतात. एखाद्या जुन्या पुस्तकाचं स्कॅन हाती लागलं तरी तो पानाचा फोटो असतो. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं करता येत नाही, परिच्छेद उचलून मैत्रिणीला पाठवता येत नाही. आणि पहिल्या कादंबरीचं नाव काय, तर 'ओ'! सर्चमध्ये टाकून बघा एकदा. :-) बिचाऱ्या लेखकाला १९३६ मध्ये काय माहीत की पुढे पुस्तकं अशी शोधायची वेळ येणार आहे.

आता खरा प्रश्न. कशाला पाहिजेत या कादंबऱ्या? ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं लिखाण, अभ्यासक बघून घेतील ना. हा प्रश्न मला आमच्याच ग्रुपमध्ये एकानं विचारला, आणि तो रास्त आहे.

माझं उत्तर असं. मराठवाड्याचा १९४८ च्या आधीचा इतिहास आपल्याला कसा माहीत आहे? १७ सप्टेंबरला झेंडावंदन. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, रझाकार, पोलीस ॲक्शन. हे सगळं खरं आणि महत्त्वाचंच. पण लढ्यात जितके लोक होते त्यांच्या कितीतरी पट लोक रोज सकाळी उठून कचेरीत जात होते, रेशनच्या रांगेत उभे राहत होते, मुलीचं लग्न जमवत होते. त्यांचं काय चाललं होतं? पुढारी आत्मचरित्र लिहितो, सरकार गॅझेटियर काढतं. कारकुनाच्या घरातली दुपार कुणी लिहून ठेवत नाही. ती फक्त कादंबरीत सापडते, आणि तीही लेखक त्या घरातला असेल तरच.

बी. रघुनाथ त्या घरातले होते. निजामाच्या पगारावर जगणारा, उर्दू कारभाराच्या खात्यात काम करणारा आणि घरी येऊन मराठी कादंबरी लिहिणारा माणूस. ही जागा फार विलक्षण आहे. ज्या राज्यानं १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ काढलं ते उर्दू माध्यमाचं, त्या राज्यातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत लिहायचं तर छापखाना, मासिक, समीक्षक, सगळं पुण्या-मुंबईकडे, म्हणजे सरहद्दीपलीकडे. आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ते सगळे आजूबाजूला. 'म्हणे लढाई संपली!' आली १९४६ मध्ये. महायुद्ध नुकतंच संपलेलं. त्या शीर्षकातला 'म्हणे' नीट वाचा. वर्तमानपत्र सांगतंय लढाई संपली, आणि पगारात महिना ओढणारा माणूस म्हणतोय, "असं म्हणतात बुवा." एका शब्दात एवढं सांगणारा लेखक मला तरी वाचायचा असतो.

आमचे आजोबा उर्दूत शिकले. मराठी बोलायचे, हिशेब मराठीत मांडायचे आणि सही उर्दूत करायचे. रुपयाचा विषय निघाला की "हाली का कलदार?" असं सवयीनं तोंडात यायचं. हाली म्हणजे निजामाचा सिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा. कलेक्टरला ते शेवटपर्यंत तालुकदार म्हणत. जुन्या कागदांवरच्या तारखा फसली सालातल्या आणि महिने आजूर, दै, बहमन. लहानपणी मला हे सगळं गमतीचं वाटायचं. ते गेल्यावर लक्षात आलं की हे एक अख्खं जग होतं, त्याचे नियम होते, विनोद होते, भीती होती. मुंबई-पुण्याच्या मराठी कादंबऱ्यांत ते सापडत नाही, कारण तिथे ते नव्हतंच. 'छागल' हा शब्द ऑफिसात चार मराठी माणसांना विचारला, एकालाही आला नाही. प्रवासात पाणी गार ठेवायची कातड्याची किंवा जाड कापडाची पिशवी, आजोबांच्या बैलगाडीला टांगलेली असायची म्हणे.

आता कायद्याकडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथे उभा आहे.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. आधी मुदत होती लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, १९९२ च्या दुरुस्तीनं ती ६० झाली. मोजायची ती मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. (इथे ऑफ-बाय-वन एरर करू नका!) बी. रघुनाथ गेले १९५३ मध्ये. मोजणी सुरू १ जानेवारी १९५४, मुदत संपली ३१ डिसेंबर २०१३. म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तकं १ जानेवारी २०१४ पासून सगळ्यांची झाली. जी पुस्तकं मृत्यूनंतर पहिल्यांदा छापली गेली, त्यांची साठ वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. ती पुस्तकं १९५४ ते १९५६ मधली, त्यामुळे २०१७ उजाडलं तेव्हा तीही मोकळी झाली होती. नंतरच्या संपादकांच्या प्रस्तावना आणि टिपा मात्र त्यांच्याच, त्यांना हात लावायचा नाही. पण मूळ कादंबरी टाईप करून नेटवर ठेवायला आज कुणाचीही परवानगी लागत नाही. ना कुणाची सही, ना अर्ज, ना ग्रँट.

मग अडलंय कुठे? मजुरीपाशी. आणि ही मजुरी आपल्या ओळखीची आहे.

जुनी प्रत मिळवायची, स्कॅन करायची, मराठी ओसीआर चालवायचा. चुका येणार, कारण खिळ्यांची छपाई, पुसट शाई, तुटलेल्या मात्रा. शिवाय १९६२ च्या आधीचं शुद्धलेखन. तेव्हा 'नाहीं', 'कांहीं', 'मुलें' असे अनुस्वार छापत. आजचा वाचक 'नाही' शोधणार, मजकुरात 'नाहीं' असणार, सर्च रिकामा. याचं उत्तर सोपं आहे: मूळ छपाईबरहुकूम एक पाठ ठेवायचा, तो गोठवायचा, आणि त्यावरून आजच्या लेखनाची वेगळी आवृत्ती काढायची. दोन ब्रँच म्हणा. मराठी विकिस्रोतावर तर सगळी सोय तयार आहे. एका बाजूला पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर. एकानं तपासलं की पान पिवळं, दुसऱ्यानं तपासलं की हिरवं. यालाच आपण कोड रिव्ह्यू म्हणतो आणि त्याचा पगार घेतो.

एक कादंबरी दोनशे पानांची धरा. दहा जण, प्रत्येकी वीस पानं, पानाला अर्धा तास. माणशी दहा तास. दुसऱ्या तपासणीचे तेवढेच. म्हणजे रोज एक तास दिला तर तीन आठवड्यांत एक कादंबरी. आपण आयपीएलच्या एका मोसमात याहून जास्त वेळ घालवतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, फुकट टाकलं तर छापील पुस्तक कोण घेणार? मला उलट वाटतं. जे नावच माहीत नाही ते विकत कोण घेणार? जो माणूस मोबाईलवर दहा पानं वाचून अडकतो, तोच पुढे पुस्तक शोधत दुकानात जातो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे काम जाणकारांचं, हौशी इंजिनिअरांनी मजकुराची वाट लावली तर? खरं आहे. म्हणून जाणकार सोबत पाहिजेतच. मराठीचे प्राध्यापक, वाचनालयाचे लोक, परभणीतले लिहिते लेखक. परभणीकडे त्यांची वानवा नाही. 'आलोक' या कथासंग्रहासाठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे आसाराम लोमटे आपल्याच जिल्ह्याचे. ही परंपरा तुटलेली नाही, फक्त तिचं आधीचं टोक आपल्या हाताला लागत नाहीये.

आमच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात. पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारी म्हणून देशभर नाव झालं. ते नाव झालं कारण तिचं बियाणं वाढवून शेतकऱ्याच्या हातात दिलं गेलं. नुसतं डबीत जपून ठेवलं असतं तर जात टिकली असती, पण भेंडी कुणाच्या ताटात पडली नसती. पुस्तकाचंही तेच.

शेवटी, घाई कसली आहे ते सांगतो. मजकूर कुठे पळून जात नाहीये, तो आणखी वीस वर्षांनीही टाईप करता येईल. पण त्याला टिपा लागतील. 'हाली' म्हणजे काय, तालुकदाराचा दरारा कसला, कचेरीतल्या कुठल्या शब्दावर लोक हसायचे आणि कुठल्यावर गप्प व्हायचे. पोलीस ॲक्शनच्या वेळी जी मुलं पंधरा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या पुढे आहेत. सेलूत, जिंतुरात, गंगाखेडात, मानवतमध्ये असे मोजके आजी-आजोबा अजून ओसरीवर बसलेले आहेत. त्यांना कादंबरीतलं पान वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "आजोबा, हे काय असायचं?" कायद्यातली मुदत आपल्या बाजूनं संपली. ही मुदत मात्र चालू आहे आणि ती कुठलीही दुरुस्ती वाढवून देणार नाही.

मी सुरुवात 'म्हणे लढाई संपली!' पासून करायची म्हणतोय. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ओसरीवरच्या आजोबांसाठी एक तास काढून ठेवा. पानं मी पाठवतो.